निरगुडीचा पाला लॅबमध्ये

ही निरगुडी. मावळात बांधाबांधावर आहे, ओढ्याकाठी तर नुसती माजलीये. एका देठाला तीन नाहीतर पाच पानं, निळसर जांभळा तुरा, आणि वास इतका उग्र की जनावर सहसा तोंड लावत नाही. गुडघा सुजला, कंबर धरली की हाच पाला गरम करून शेकतात, बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यातही टाकतात.

आता हा पाला एका फार्मसी कॉलेजात आलाय. सावलीत वाळवला, दळला, आणि ही पावडर सॉक्सलेटमध्ये. हे मशीन बघतच राहावं असं आहे, खालच्या फ्लास्कमधलं इथेनॉल उकळतं, वाफ वर जाते, कंडेन्सरला थंड होऊन थेंब थेंब पावडरीवर पडते आणि भांडं काठोकाठ आलं की सगळा हिरवा रस नळीतून एका झटक्यात खाली. की परत पहिल्यापासून. रस फिका पडेपर्यंत हेच चालू, आमचा कॅमेरामन तिथून हलेना. मग या फिरत्या फ्लास्कमध्ये इथेनॉल उडवून लावायचं, उरतो तो डांबरासारखा चिकट अर्क.

हे विस्टार जातीचे पांढरे उंदीर. कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी असल्याशिवाय यांना हातही लावता येत नाही. एका गटाला नुसतं पाणी, एकाला डायक्लोफेनॅक हे सूज-दुखण्यावरचं नेहमीचं औषध (हो, तेच, ज्याच्यापायी आपली गिधाडं गेली आणि 2006 मध्ये गुराढोरांसाठी बंद झालं), बाकीच्यांना निरगुडी, कमी आणि जास्त डोस. तासाभराने मागच्या पंजात कॅराजिननचं इंजेक्शन. कॅराजिनन म्हणजे समुद्री शेवाळातला पदार्थ, आइस्क्रीम घट्ट करायला वापरतात तोच, पण पंजात टोचला की सूज आणतो. 1962 पासून जगभर हीच पद्धत चालत आलीये.

सूज मोजायची कशी? घोट्यावर मार्करने रेघ, त्या रेघेपर्यंत पंजा या नळीत बुडवायचा, पाणी किती वर चढलं ते वाचायचं. दर तासाला. शरीरातलीच रसायनं सूज आणतात, आधी हिस्टामिन, सेरोटोनिनची सूज, नंतर प्रोस्टाग्लँडिनची, आणि डायक्लोफेनॅक अडवतं ते हेच शेवटचं, म्हणून तिसऱ्या तासाकडे सगळ्यांचे डोळे. आणि दुखणं बघायला ही हॉट प्लेट, 55 अंश, उंदीर पंजा चाटतो कधी किंवा उडी मारतो कधी ते स्टॉपवॉचवर, 15 सेकंदांना उचलायचाच.

आलेख बघा. निरगुडीवाल्यांची सूज पाणीवाल्यांपेक्षा कमी, डायक्लोफेनॅकच्या मात्र मागे. श्रीलंकेतल्या संशोधकांनी 2003 मध्ये ताज्या पानांचा पाण्यातला अर्क उंदरांना देऊन पाहिला होता, त्यांनाही सूज आणि दुखणं कमी झालेलं दिसलं. म्हणजे आपल्या आज्या उगाच शेकत नव्हत्या!

उंदरांचं पुढे काय ते नियमाप्रमाणे होतं, तिथे शूटिंगला परवानगी नव्हती. माणसांवरची ट्रायल कॉलेजच्या बजेटात बसत नाही, त्यामुळे शेक घ्या, लेप लावा, पण हे बघून कोणी अर्क पीत सुटू नका.