खडू घेऊन पुढे आलेला माणूस

पाऊस जवळ आला की इंग्रजी पेपरांत एक फोटो हमखास येतो, काळापांढरा चातक, डोक्यावर तुरा, आणि खाली लिहिलेलं असतं 'हार्बिंजर ऑफ मान्सून'. आफ्रिकेकडून हा पक्षी नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या आसपास आपल्याकडे येतो म्हणून त्याला हे बिरूद. बाकी वर्षभर हाच शब्द बघाल तर मंदी, युद्ध, रोगाची साथ असल्या बातम्यांना चिकटलेला. डिक्शनरी काढली तर अर्थ मिळतो अग्रदूत, वर्दी देणारा, पुढे काय येतंय त्याची चाहूल देणारा. बरोबरच आहे ते. पण ज्या माणसाच्या हुद्द्यावरून हा शब्द आला ना, त्याच्याकडे निरोप पोचवायचं काम नव्हतंच मुळी, तो राहायची सोय बघायचा. खोल्या, तबेले, पलंग.

आता हे जरा नीट समजून घ्यायला मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये जावं लागतं. तिथला राजा एका जागी बसून राज्य करत नसे, सारखा फिरतीवर. आज या वाड्यात, चार दिवसांनी दुसऱ्या गावात, कारण एक तर अख्खा दरबार एका ठिकाणी फार दिवस थांबला की तिथलं धान्य संपायचं, आणि दुसरं म्हणजे राजा डोळ्यांना दिसला की सरदार लोक जरा वळणावर राहायचे. बरं राजा म्हणजे एकटा राजा नाही, त्याच्याबरोबर सरदार, पाद्री, कारकून, आचारी, शिकारी कुत्री सांभाळणारे, शेकडो माणसं आणि तेवढीच घोडी, आणि ही सगळी वरात संध्याकाळी एखाद्या छोट्या गावात येऊन थडकणार, तर झोपणार कुठे? म्हणून एक माणूस आधीच पुढे घोड्यावरून जायचा. गल्लीबोळ फिरून बघायचा, हे घर अमक्या सरदाराला, तो तबेला घोड्यांना, आणि ज्या घरावर नजर पडली त्याच्या दारावर खडूनं खूण करून पुढच्या दाराकडे. आपल्याकडे मंत्र्यांचा दौरा ठरला की आधी सर्किट हाऊसवर जी पळापळ होते तसंच काहीसं, फरक एवढाच की इथे सर्किट हाऊस म्हणजे तुमचं स्वतःचं घर.

हा माणूस म्हणजे हार्बिंजर. मध्ययुगातल्या इंग्रजीत हर्बर्जर. शब्द आला जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचांनी तो उचलला जर्मन कुळातल्या भाषांकडून, तिथे 'हेरी' म्हणजे सैन्य आणि 'बर्ग' म्हणजे आडोसा, आसरा. सैन्याचा मुक्काम जिथे पडतो ती जागा. पुढे सैन्य गळून पडलं आणि नुसता मुक्काम उरला, म्हणून फ्रेंचमध्ये ओबेर्ज म्हणजे खाणावळवजा लॉज, इटालियनमध्ये आल्बेर्गो म्हणजे हॉटेल, सगळी एकाच घरची मंडळी. आणि याच घरातला आणखी एक भाऊ मुंबईकर रोज तोंडात घेऊन फिरतात, हार्बर. आधी हार्बर म्हणजे माणसाला मिळालेला आसरा, मग जहाजांचा आसरा म्हणजे बंदर, आणि बंदराच्या कडेनं जाते म्हणून आपली हार्बर लाईन, जिच्यावर ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली इलेक्ट्रिक गाडी धावली, व्हीटी ते कुर्ला. सकाळच्या गर्दीत वडाळ्याला चढून बघा, शब्दातला सैन्याचा भाग तिथे अजून शिल्लक आहे, आसऱ्याचं मात्र सांगता येत नाही.

एक गंमत मध्येच सांगून टाकतो. मूळ शब्द हर्बर्जर, त्यात 'न' कुठेच नाही, मग हार्बिंजरमध्ये तो घुसला कसा? तर तो असाच घुसला, बोलता बोलता. आता मेसेज म्हणताना न नाही, पण मेसेंजरमध्ये आहे. पॅसेजमध्ये नाही, पॅसेंजरमध्ये आहे. इंग्रज लोकांना 'जर'च्या आधी एक अनुस्वार घेतल्याशिवाय बरं वाटेना, आणि हार्बिंजर पण त्याच लाटेत वाहून आला. आपण त्या पॅसेंजरची परत पॅसिंजर केली ती गोष्ट वेगळी.

आता मुद्द्याचं. खोल्या बघणारा माणूस निरोप्या कधी झाला? चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसर नावाचा कवी कॅन्टरबरीच्या यात्रेकरूंच्या गोष्टी लिहितो, त्यातल्या एका गोष्टीत राजा अल्ला रोमला यात्रेला निघालाय, आणि चॉसर सांगतो की राजा येतोय ही बातमी गावभर पसरली ती त्याच्यापुढे गेलेल्या हर्बर्जर लोकांमुळे. बघा, दवंडी कोणी पिटली नाही. नुसते हे लोक दिसले, दारं बघत फिरायला लागले, आणि गावाला कळलं. माझ्या मते शब्दाचा अर्थ वळला तो इथेच. पुढे सोळाव्या शतकात खोल्या मागे पडल्या आणि जे कोणी किंवा जे काही आधी येऊन पुढचं सुचवतं ते सगळं हार्बिंजर व्हायला लागलं.

आणि ही बातमी ऐकून लोक खूश व्हायचे का? इथे एक पत्र फार कामाचं आहे. विंडसरच्या राजवाड्याजवळ विंकफील्ड नावाचं गाव, तिथला पाद्री विल्यम ऑफ पॅग्युला, यानं १३३१ च्या सुमाराला राजा तिसऱ्या एडवर्डला खरमरीत पत्र लिहिलं. त्याची तक्रार राजाच्या कोठीसाठी माल उचलणाऱ्या लोकांबद्दल होती, हे लोक वेगळे, पण तेही असेच राजाच्या आधी गावात शिरायचे. कोंबड्या, धान्य, गाड्या, जे दिसेल ते पडत्या भावात घ्यायचे, पैसे कधी मिळतील ते देव जाणे, आणि त्यामुळे महाराज, तुम्ही येताय म्हटल्यावर लोकांच्या पोटात गोळा येतो, असं त्यानं सरळ राजालाच ऐकवलं. हे एकदा डोळ्यासमोर आणलं की हार्बिंजर शब्दाला आज जो अपशकुनी वास येतो ना तो कुठून आला असेल याचा थोडा अंदाज येतो. दरबारी माणसाला तो सोय करणारा वाटत असेल, पण ज्याच्या दारावर खडू ओढला त्याचं धाबं दणाणलेलं असणार.

खडूचा तर किस्साच आहे. १४९४ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स नेपल्स घ्यायला इटलीत उतरला आणि जवळजवळ लढाई न करताच खाली खाली सरकत गेला, गावं आपणहून दारं उघडत होती. त्यावरून पोप सहावा अलेक्झांडर म्हणाला म्हणतात, हे फ्रेंच हातात हत्यार घेऊन आले नाहीत, खडू घेऊन आलेत, मुक्कामाच्या खुणा करायला. इंग्लिश विचारवंत फ्रान्सिस बेकनला हे इतकं आवडलं की १६०५ च्या पुस्तकात त्यानं ते विचारांना लावलं, सत्य भांडत येण्यापेक्षा खडू घेऊन यावं आणि ज्या डोक्यात जागा असेल तिथे खूण करावी असं काहीसं. डोकं चालायचं माणसाचं.

पण सगळेच काही दार उघडत नसत. १६८३, विंचेस्टर. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स तिथे स्वतःसाठी नवीन राजवाडा बांधायला घेतोय, ख्रिस्तोफर रेन वास्तुकार, आणि राजाच्या फेऱ्या चालू आहेत, बरोबर त्याची प्रेयसी नेल ग्विन, एकेकाळची नाटकातली नटी. राजाच्या हार्बिंजरनं तिच्यासाठी कॅथेड्रलजवळचं एक घर नक्की केलं, ते निघालं थॉमस केन नावाच्या धर्मगुरूचं, आणि हा केन राजाच्याच पदरचा. त्यानं स्वच्छ सांगितलं, ही बाई माझ्या घरात राहणार नाही. एक हकीगत अशीही सांगतात की त्यानं दुरुस्तीच्या नावाखाली घराचं छप्परच उतरवून ठेवलं, खरं खोटं असो, पण आयडिया झकास आहे. नेलची सोय दुसरीकडे झाली. लोकांना वाटलं आता केनचं काही खरं नाही, पण पुढच्याच वर्षी बाथ अँड वेल्सच्या बिशपची जागा रिकामी झाली तेव्हा राजा म्हणाला म्हणे, तो बुटका कुठाय ज्यानं बिचाऱ्या नेलीला जागा दिली नाही, त्यालाच द्या. जानेवारी १६८५ मध्ये केन बिशप झाला आणि फेब्रुवारीत राजा गेला तेव्हा हाच केन त्याच्या उशाशी होता.

शेक्सपिअरनं मात्र या शब्दाचा जो वापर केलाय त्याला तोड नाही. मॅकबेथ राजा डंकनला म्हणतो, तुम्ही या सावकाश, मी स्वतःच हार्बिंजर होऊन पुढे जातो आणि बायकोला ही आनंदाची बातमी देतो. आजच्या अर्थानं वाचलं तर नुसता निरोप्या. पण तेव्हाच्या प्रेक्षकाला मूळ काम माहीत होतं, राजाच्या झोपायची व्यवस्था करणारा माणूस, आणि मॅकबेथ पुढे जाऊन नेमकं तेच करतो. राजाला झोपवतो, कायमचा.

आणि जॉर्ज हर्बर्ट. सॉल्सबरीजवळच्या बेमर्टनचा पाद्री, कवी, १६३३ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी गेला, त्याच वर्षी त्याच्या कविता छापल्या गेल्या. त्यातल्या एका कवितेची सुरुवातच अशी की हार्बिंजर आलेत, बघा त्यांची खूण, पांढरा त्यांचा रंग, आणि आता माझं डोकं बघा. म्हणजे केस पांढरे झालेत! खडूची रेघ थेट डोक्यावर. मोठी स्वारी येणार आहे, घर खाली करायची तयारी ठेवा. चाळिशीच्या आत हे लिहिलंय त्यानं, आणि मग पुढे विचारतो की डोक्यातले ते चमकदार विचार पण बाहेर काढायलाच हवेत का.

इंग्लंडच्या राजघराण्यात नाईट हार्बिंजर (नाईट म्हणजे रात्र नव्हे, सरदारकीचा किताब) नावाचा हुद्दा कागदावर १८४६ पर्यंत होता. राणी व्हिक्टोरिया १८४२ मध्येच रेल्वेनं प्रवास करून मोकळी झाली होती, त्यामुळे दारं रंगवत फिरणाऱ्याला कोण विचारतो. शब्द मात्र सुटा होऊन भटकत राहिला. अमेरिकेच्या पूर्व भागात थंडी संपता संपता बोटभर उंचीचं एक रोपटं जमिनीतून डोकं काढतं, पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये काळपट लाल ठिपके, त्याचं नावच हार्बिंजर ऑफ स्प्रिंग, आणि दुसरं नाव मीठमिरी. २०१५ मध्ये तर अमेरिकेतल्या एमआयटी आणि इतर विद्यापीठांच्या मंडळींनी एक अभ्यास छापला, की काही गिऱ्हाईकं अशी असतात जी नवीन आलेला माल परत परत घ्यायला लागली तर समजावं तो माल आपटणार, त्यांना नाव दिलं हार्बिंजर्स ऑफ फेल्युअर. आमच्या घरात असा एक आहे, नाव सांगत नाही.

फ्रेंचांनी मात्र या घराण्यातल्या शब्दाला निरोप्या वगैरे करायच्या भानगडीत पाडलंच नाही, त्यांच्याकडे एबेर्जे म्हणजे आजही आसरा देणं, मुक्कामाला ठेवून घेणं. आणि जी कंपनी तुमची वेबसाईट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवते, भाडं घेते, तिला फ्रेंचमध्ये म्हणतात एबेर्जर.