लोट विरल्यानंतरची धूळ

ग्रॅनाइटवर ग्राइंडरचं पातं टेकलं, की हा असा पांढरा लोट उठतो. भुवयांवर बसते ती जाडी धूळ. तिचा बराचसा भाग नाकात, घशात अडकतो आणि शिंकेबरोबर, खोकल्याबरोबर बाहेर पडतो. भीती आहे ती लोट विरल्यावर, हवा स्वच्छ दिसू लागल्यावर उरणाऱ्या धुळीची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. हे कण 5 मायक्रॉनहून बारीक. 1 मायक्रॉनचा कण शांत हवेतही खाली बसायला कित्येक तास घेतो.

श्वासाबरोबर हे कण थेट फुफ्फुसांतल्या वायुकोशांत, म्हणजे हवेच्या इवल्याशा पिशव्यांत उतरतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण गारगोटीचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचा कण त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण सुटतो, दुसरी पेशी त्याला गिळते. दर वेळी दाह होतो आणि हळूहळू तिथे कठीण गाठी धरतात. हाच सिलिकोसिस. या गाठी विरघळवणारं औषध नाही. काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो, कारण कण आतच राहिलेले असतात.

सगळे दगड सारखे नसतात. संगमरवरात सिलिका सहसा फार कमी, वालुकाश्मात भरपूर. कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यात तर 90 टक्क्यांहून जास्त असू शकते. एरवी दहा-वीस वर्षांनी दिसणारा आजार अशा ओट्यांच्या कामात काही वर्षांतच गाठतो. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यांच्यावर बंदी घातली, ती याच कारणाने.

आता धूळ दाबणारं हे पाणी पाहा. दगड आधी भिजवून ठेवणं पुरेसं नाही. पातं जिथे दगडाला भिडतं, तिथेच धार सतत पडायला हवी. खाली साचलेला गाळ ओला असतानाच उचलायचा, वाळला की त्याची पुन्हा धूळच होते. कोरडा झाडू नको. कपडे कॉम्प्रेसरच्या हवेने झटकणं तर त्याहून वाईट, सगळी धूळ तोंडासमोरच उडते. रुमालातून बारीक कण आरपार जातात. एन-95 मास्क चालतो, पण दाढी वाढलेली असेल तर कडेच्या फटीतून धूळ आत शिरते.

सिलिकोसिस असलेल्याला क्षय होण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि एक्स-रेवर दोन्हींच्या खुणांची गल्लत होऊ शकते. म्हणून खोकला घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा थुंकीची तपासणी करून घ्या आणि दगड किती वर्षं कापला, तेही सांगा.