जॉर्ज स्माइली आपल्याला धरून का ठेवतो?

मंडळी, हेरकथा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जेम्स बाँड उभा राहतो. देखणा, बेडर, मरणाला न भिणारा. १९५३ साली तो कादंबरीत आला. त्यानंतर आठ वर्षांनी ब्रिटिश लेखक जॉन ल कारे यांनी जॉर्ज स्माइली हा ब्रिटिश हेर आणला. बुटका, जाडा, भरपूर पैसे मोजून गबाळे कपडे घालणारा, बायको सोडून गेलेला. असा माणूस आपल्याला धरून का ठेवतो, यावर आज बोलायचंय.

‘तो आपल्यासारखा असतो’ हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. आपल्यासारखी माणसं इतर कादंबऱ्यांतही ढीगभर असतात. माझं म्हणणं असं, की या कथांत हेरगिरी फत्ते होते ती त्या माणसाच्या साध्या स्वभावामुळे, आणि घाव बसतो तोही त्याच स्वभावावर.

१९७४च्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’मध्ये स्माइलीला स्वतःच्याच खात्यातला फितूर शोधायचाय. तो लंडनमधल्या एका सुमार हॉटेलात खोली घेतो आणि रात्ररात्र फायली चाळतो. ड्यूटीच्या नोंदवहीतली कुठली पानं कापलीत? जुने सहकारी काय सांगतात? मध्येच चष्मा काढून टायच्या रुंद टोकाने पुसतो. काम जुन्या हेडक्लार्कचं, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. कारण संशयितांपैकी प्रत्येक जण त्याच्या रोजच्या उठण्याबसण्यातला असतो.

याच कादंबरीत दिल्लीच्या तुरुंगातला एक प्रसंग आहे. समोर रशियन हेर कार्ला. मॉस्कोला परत गेलास तर मारतील, आमच्याकडे ये, असं स्माइली त्याला विनवतोय. कार्ला चकार शब्द काढत नाही. ते गप्प बसणं सहन न होऊन स्माइलीच बोलत सुटतो. ‘तुझ्या बायकोचा विचार कर’ म्हणतो, आणि मनात असते स्वतःची अ‍ॅन. कार्ला जातो तो स्माइलीचा लायटर घेऊन. अ‍ॅनने दिलेला लायटर. चौकशी करायला गेलेला माणूस स्वतःच उघडा पडला! पुढे कार्ला नेमकं हेच दुखणं स्माइलीविरुद्ध वापरतो. आणि १९७९च्या ‘स्माइलीज पीपल’मध्ये स्माइली जिंकतो, तेव्हा कार्लाचं दुखणं, त्याची आजारी मुलगी, स्माइलीच्या हाती लागलेलं असतं. तो विजय वाचताना आनंद होत नाही. ल कारेंचं मोठेपण मला तिथे दिसतं.

एरिक अँबलर यांनी १९३८ सालीच ‘एपिटाफ फॉर अ स्पाय’मध्ये एक भाषाशिक्षक असाच अडकवला होता. कॅमेऱ्यांची अदलाबदल होते, त्याच्या फिल्ममध्ये फ्रेंच नौदलाच्या तळाचे फोटो निघतात आणि पोलीस म्हणतात, हॉटेलातला खरा हेर तू शोध. नाही कसं म्हणणार? देशाबाहेर काढलं तर जायला देशच नाही. त्याची भीती पानोपानी जाणवते.

हे कादंबरीतच घडतं, असं कुणी म्हणेल. त्यांना ख्वान पुजोलचं नाव सांगतो. बार्सिलोनाचा, एके काळी कोंबड्यांचा फार्म सांभाळलेला हा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांकडे गेला, तर त्यांनी त्याला विचारलंही नाही. मग तो जर्मनांचा हेर झाला आणि लिस्बनमध्ये बसून, पर्यटकांसाठीची पुस्तकं समोर ठेवून, लंडनहून पाठवतोय असं भासवत अहवाल रचू लागला. ग्लासगोची माणसं एक लिटर वाइनसाठी काहीही करतात, असंही त्याने लिहिलं. जर्मनांनी विश्वास ठेवला! पुढे ब्रिटिशांनी त्याला आपल्यात घेतलं, त्याचे काल्पनिक हेर २७ झाले. १९४४मध्ये दोस्त राष्ट्रांची फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरची चढाई ही नुसती हूल आहे, हे त्याने जर्मनांच्या गळी उतरवलं. कल्पनाशक्ती हेच त्याचं भांडवल, आणि दोन्ही बाजूंनी त्याला पदक दिलं.

सुरुवात करायची असेल त्यांनी अँबलर आधी घ्यावा. ल कारे नंतर. ‘टिंकर टेलर’च्या सुरुवातीला नावांची फार गर्दी आहे, हवं तर कागदावर टिपून ठेवा, पण मध्येच सोडू नका. दिल्लीचं प्रकरण बरंच पुढे आहे.