आधी चेसिस, मग इंजिन

(सांगली येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, बैलगाडीच्या शर्यतीला गेलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शर्यतीचा छकडा आणि कारखान्यावर ऊस नेणारी गाडी या दोन निराळ्या वस्तू आहेत. उसाच्या गाडीची बैलजोडी कितीही तेज असली, तरी ती गाडी शर्यतीच्या मैदानावर कोणी उभी करत नाही. मात्र हाच माणूस जुनी बुलेट घेऊन मातीच्या ट्रॅकवर उतरायचे ठरवतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, 'पिस्टन कुठला टाकू?' कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझे टर्निंगचे लहानसे वर्कशॉप आहे, आणि हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, आणि सुरुवातीला स्वतःही विचारला आहे, की आज त्याच्या आधी विचारायला हव्या असलेल्या प्रश्नाबद्दल बोलावे असे मी ठरवले. तो प्रश्न चेसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा आहे.

ज्याला आज आपण मोटोक्रॉस म्हणतो, त्याचे मूळ नाव स्क्रॅम्बल. इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे १९२४ साली पहिली स्क्रॅम्बल झाली. पुढे फ्रेंचांनी 'मोटोसिक्लेत' आणि 'क्रॉस' हे शब्द जोडून मोटोक्रॉस हे नाव घडवले. पाचशे सीसी वर्गाची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा १९५२ पासून आणि जागतिक स्पर्धा १९५७ पासून सुरू झाली, आणि त्या काळात हा वर्ग एका सिलेंडरच्या मोठ्या फोर स्ट्रोक इंजिनांचा होता. बीएसए या इंग्लिश कंपनीची गोल्ड स्टार हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव : ८५ मिलिमीटर बोअर (सिलेंडरचा व्यास), ८८ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), आणि ताकदीची अजिबात कमतरता नाही.

असे असताना बीएसएच्याच जेफ स्मिथ या स्वाराने १९६४ आणि १९६५ अशी सलग दोन वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळवले, ते गोल्ड स्टारवर नव्हे. त्याच्या गाडीची वंशावळ पाहण्यासारखी आहे. सी-१५ नावाची अडीचशे सीसीची, रोज कामावर नेण्याची साधी गाडी. तिचे बोअर वाढवून साडेतीनशेची बी-४० झाली. त्या बी-४० चे ७९ मिलिमीटर बोअर तसेच ठेवून स्ट्रोक ७० वरून आधी ८६ आणि मग ९० मिलिमीटरपर्यंत नेला, तेव्हा ४२० आणि शेवटी ४४१ सीसीचे इंजिन तयार झाले. पाचशेच्या वर्गात पाचशेपेक्षा लहान इंजिन घेऊन उतरणे वरवर वेडेपणाचे वाटते, परंतु हे इंजिन लहान गाडीच्या कुळातले असल्यामुळे त्याच्याभोवतीची गाडीही लहान आणि हलकी राहिली. वळणातून बाहेर पडताना आणि उडीनंतर जमिनीवर येताना त्या हलकेपणाचे मोल थोड्या जास्त अश्वशक्तीपेक्षा अधिक ठरले.

हलकेपणाचाही अतिरेक होतो, आणि तो बीएसएनेच करून दाखवला. १९६६ साली त्यांनी टायटॅनियमची चेसिस बनवली. टायटॅनियम तापले की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेते आणि ठिसूळ होते, त्यामुळे आर्गनसारख्या वायूच्या आवरणाशिवाय त्याला धड वेल्डिंग करता येत नाही. शर्यतीच्या मैदानावर चेसिसला तडा गेला, तर तंबूत बसून तो सांधणे अशक्य होते. त्या वर्षीचे अजिंक्यपद पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीडरिक्सने चेकोस्लोव्हाकियातल्या सीझेड कंपनीच्या टू स्ट्रोक गाडीवर जिंकले, आणि १९६७ व १९६८ सालीही तेच झाले. फोर स्ट्रोक इंजिनाला पाचशेचे जागतिक अजिंक्यपद पुन्हा मिळायला १९९३ साल उजाडावे लागले. टायटॅनियम हेच त्या पराभवाचे कारण होते असे मी म्हणणार नाही, कारण टू स्ट्रोकचा काळ तसाही आलेलाच होता. पण जिथे गाडी पळवायची तिथे जी दुरुस्त होत नाही, ती माझ्या हिशेबी अर्धीच गाडी आहे.

याच काळात डेरेक आणि डॉन रिकमन हे दोन भाऊ, स्वतः उत्तम स्क्रॅम्बलर, एका निराळ्या दिशेने निघाले होते. त्यांची पहिली गाडी बीएसएची चेसिस, ट्रायम्फचे इंजिन आणि नॉर्टनचे पुढच्या चाकाचे फोर्क अशी गोळाबेरीज होती, म्हणून तिला त्यांनी 'मेटिस' हे नाव दिले. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ संकरातून जन्मलेली असा होतो. पुढे त्यांनी रेनॉल्ड्स ५३१ या मँगनीज-मॉलिब्डेनमच्या पोलादी पाइपांची स्वतःचीच चेसिस घडवली, तिच्यावर निकेलचा मुलामा चढवला, आणि इंजिनाचे ऑइल वेगळ्या टाकीऐवजी चेसिसच्या पाइपांतच खेळवले. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांनी गाडी विकण्याऐवजी चेसिस विकली. ट्रायम्फ असो, मॅचलेस असो, ज्याच्याकडे जे इंजिन असेल ते त्याने आणून बसवावे. इंजिन पाहुणे आणि चेसिस घरची, असा हा उलटा हिशेब होता.

आता आपल्या बुलेटकडे येतो. साडेतीनशेची जुनी, ओतीव लोखंडी सिलेंडरची बुलेट : बोअर ७०, स्ट्रोक ९०, ३४६ सीसी, १८ अश्वशक्ती, उजवीकडे गिअर आणि वजन एकशेसाठ किलोच्या पुढे. मागच्या चाकाला चिमटा (स्विंगआर्म) आणि दोन शॉकॲब्सॉर्बर ही रचना तिच्या पूर्वजांनी १९४८ च्या सुमारास, इतर अनेक कंपन्या मागे स्प्रिंग नसलेल्या, कडक चाकाच्या गाड्या विकत असताना, मातीतल्या ट्रायल स्पर्धांतच प्रथम आजमावली होती. म्हणजे ही गाडी मातीला अगदीच परकी नाही. परंतु तिच्या चेसिसमध्ये इंजिनाच्या खालून जाणारा पाइपच नाही. पुढचा पाइप खाली येऊन इंजिनाशी संपतो आणि तिथून मागे इंजिन व गिअरबॉक्स यांचे खोकेच चेसिसचे काम करते. शिवाय ऑइलची टाकीही क्रँककेसच्याच, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या खोक्याच्याच, ओतकामात आहे. बाहेर टाकी नाही, पाइप नाहीत, म्हणून रस्त्यावर ही रचना फार सोयीची असते. मातीत तीच घात करते.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझ्या पहिल्या गाडीचे इंजिन मी तीन महिने घासले. पोर्ट पॉलिश केले, कॉम्प्रेशन वाढवले, कार्ब्युरेटर मोठा बसवला, आणि चेसिस मात्र रंग देऊन तशीच ठेवली. खानापूर तालुक्यातल्या एका माळावर आम्ही आठ-दहा जणांनी आपापसात शर्यत लावली होती. तिसऱ्या फेरीत लहानशा उंचवट्यावरून गाडी उडाली आणि खाली येताना मुरमातून वर आलेल्या एका दगडावर नेमकी क्रँककेस बसली. आवाज फारसा झाला नाही. मी आणखी शंभर-दीडशे फूट गेलो, आणि मागे वळून पाहिले तेव्हा माझ्यामागे मुरमावर ऑइलची सरळ रेघ ओढलेली होती. तीन महिन्यांचे काम त्या एका रेघेतून वाहून गेले. दोष दगडाचा नव्हता आणि गाडी बनवणाऱ्यांचा तर मुळीच नव्हता. त्यांनी ती उड्या मारायला बनवलीच नव्हती.

दुसऱ्या गाडीला मी खालून दोन पाइपांचा पाळणा केला. घाईत बाजारात मिळाला तो जोडाचा पाइप आणला. शेजारच्या गाळ्यातले वेल्डर, ज्यांनी चाळीस वर्षे उसाच्या ट्रॉल्या जोडल्या आहेत, त्यांनी पाइप हातात घेतला, जोडाची रेघ अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "मालक, ह्यो पाइप न्हाई टिकायचा. वाकंल तिथं फाटंल." वाकवताना तो खरोखरच त्या रेघेवर फाटला. मग सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा पाइप आणला, २८ मिलिमीटर व्यासाचा आणि २ मिलिमीटर जाडीचा. इथे एक साधे गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. पातळ पाइपाची जाडी दुप्पट केली तर त्याचा पिळाला होणारा विरोध दुप्पट होतो आणि वजनही दुप्पट होते. परंतु जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते आणि विरोध आठपट. म्हणून मजबुतीसाठी जाड पाइप घेणारा माणूस बहुतेक वेळा वजनच विकत घेत असतो. सांधे आम्ही गॅसवर पितळी वेल्डिंगने केले, कारण त्यात पोलाद वितळत नाही, पाइप कमी तापतो आणि सांध्याशेजारी तो ठिसूळ होण्याचा धोका घटतो. चेसिसवर मी फक्त पारदर्शक लॅकर मारतो. रंगाखाली गेलेला तडा शर्यतीतच दिसतो.

वजनाचा हिशेब आम्ही मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर केला. आधी पूर्ण गाडी, मग काढलेला प्रत्येक भाग वेगळा : मधला स्टँड, दोन्ही पेट्या, पत्र्याचे मडगार्ड, सायलेन्सर, हेडलाइटचे डोके, मोठी बॅटरी, लोखंडी रिमा. व्यापाऱ्याच्या हमालांना सुरुवातीला हसू आले, नंतर तेच पैजा लावू लागले. शेवटी गाडी १३१ किलोंवर आली. त्या काट्यावर आम्हाला आणखी एक गोष्ट कळली : पुढचे चाक काट्यावर आणि मागचे तेवढ्याच उंचीच्या फळीवर, मग उलट, असे दोनदा तोलले की वजन पुढे किती आणि मागे किती हे समजते. एकूण वजनापेक्षा हा आकडा वळणात जास्त बोलतो.

फूटरेस्ट मागे आणि वर घ्यावे लागतात, कारण मातीत स्वार बसत नाही, उभा राहतो, आणि बुलेटचे फूटरेस्ट खुर्चीत बसल्यासारखे पुढे आहेत. पुढे १९ इंचांऐवजी २१ इंचांचे चाक घातले की गाडीचे तोंड वर उचलले जाते, फोर्क अधिक कलतो आणि गाडी वळायला आळस करते. तो आळस घालवण्यासाठी मागचे शॉकॲब्सॉर्बर थोडे लांब घेतले, तर चेन चिमट्याच्या पिनाजवळ घासू लागते. एक गोष्ट हलवली की तीन हलतात, आणि तिसरी नेहमी शर्यतीच्या आदल्या रात्री सापडते. मागच्या चाकाची वर-खाली होण्याची चाल मी चार इंचांवर ठेवली आहे. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींत पुढे सात आणि मागे चार इंच अशी मर्यादा असते, आणि ती मला शहाणपणाची वाटते. त्यापलीकडे गेलात तर गाडी जुनी राहत नाही, फक्त इंजिन जुने राहते.

इंजिनाबद्दल थोडक्यात. बुलेटच्या बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, मूळचा तरंगता बुश असतो आणि ऑइलचा दाब कमी असतो; तिथे रोलर बेअरिंग बसवल्याशिवाय बाकीच्या कशालाही हात लावू नये. कॉम्प्रेशनचे प्रमाण आठास एकच्या पुढे नेण्यात मला अर्थ दिसत नाही. गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करणे हे मागच्या स्प्रॉकेटला दोन-अडीच दात वाढवण्याइतके होते आणि ते स्वस्तही पडते. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनातले जड चक्र, मात्र तसेच ठेवावे, कारण फोर स्ट्रोकची खरी कमाई तिथे आहे. क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एक ठोका पडतो, टू स्ट्रोकमध्ये तो दर फेरीला पडतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये टायरला माती पकडायला उसंत मिळते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात, पहिला पाऊस पडून गेल्यावर, टू स्ट्रोक गाडी जागच्या जागी चाक फिरवून खड्डा करताना मी पाहिली आहे, आणि त्याच जागेवरून ही म्हातारी दुसऱ्या गिअरमध्ये ढकढक करत निघून गेलेली पाहिली आहे. कोरड्या माळावर तोच टू स्ट्रोक आम्हाला धूळ चारतो, हेही मान्य केले पाहिजे.

एक विनंती. पन्नास वर्षांपलीकडच्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून केंद्र सरकारने विंटेज नोंदणीची वेगळी सोय केली आहे. अशी अखंड गाडी कापू नका. कागदपत्रे हरवलेल्या, अर्ध्या विकलेल्या, गोठ्यात पडलेल्या गाड्या पुष्कळ मिळतात, त्या घ्या. आणि बनवलेली गाडी रस्त्यावर चालवू नका. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम अशा बदलांना परवानगी देत नाही. आमची गाडी छोट्या टेंपोतून जाते, कडबा नेतात त्याच टेंपोतून.

वजन कमी करताना काढलेली एकच वस्तू मी परत बसवली, आणि ती म्हणजे ॲमीटर, विजेचा प्रवाह दाखवणारा काटा. बुलेटची किक ताकदीने मारायची नसते. किक हळूहळू दाबत जायची, काटा मधोमध आला की थांबायचे, म्हणजे ठिणगीचे पॉइंट उघडले आणि पिस्टन वर आला. मग सिलेंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर ओढून किक किंचित पुढे सरकवायची, तो सोडायचा, आणि मग एकच पूर्ण किक. ॲमीटर काढल्यावर आमच्यापैकी ज्यांना ही सवय होती ते सगळे माळावर किक मारून मारून घामाघूम झाले आणि एकाचा घोटा सुजला, म्हणून शंभरेक ग्रॅमची ती डबी हँडलच्या पट्टीवर पुन्हा आली. गाडी खाली आवारात उभी आहे. ज्यांना किक मारून पाहायची आहे त्यांनी चपला घालून मारू नये, आणि गिअर उजव्या पायाला आहे हे विसरू नये.