मृत समुद्र : दरवर्षी खाली जाणारा विक्रम

(ड्रोनचित्रण : पहाट. काठावर एकाखाली एक उतरत गेलेल्या पायऱ्या.)

या पायऱ्या कुणी बांधलेल्या नाहीत. हिवाळी वादळांच्या लाटा दरवर्षी काठावर एक खाच कोरतात. पुढच्या हिवाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं, म्हणून नवी खाच जुनीच्या खाली पडते. मधलं अंतर साधारण एक मीटर. मृत समुद्राचं, म्हणजे खरं तर या खाऱ्या सरोवराचं, पाणी दरवर्षी तेवढं, किंबहुना थोडं जास्तच उतरतं.

उघड्या जमिनीवरची पृथ्वीवरची सर्वांत खोल जागा हीच. जॉर्डन, इस्रायल आणि वेस्ट बँक यांच्यामधला हा काठ समुद्रसपाटीपेक्षा 430 मीटरहून अधिक खाली आहे. खोरं तयार केलं ते भूपट्टांनी, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांनी. अरबी भूपट्ट उत्तरेकडे घासत सरकताना मधली जमीन ताणली गेली आणि खचली. पण गेल्या साठ वर्षांत हा विक्रम जो चाळीस मीटरहून अधिक खाली गेला, त्यात भूगर्भाचा हात नाही.

(जॉर्डन नदीचा अरुंद, गढूळ प्रवाह.)

ही जॉर्डन नदी. पूर्वी ती दरवर्षी शंभर कोटी घनमीटरहून जास्त पाणी आणून टाकायची. 1964 पासून इस्रायल गॅलिलीच्या सरोवरातून पाणी उचलतो. यार्मूक ही तिची मोठी उपनदी सीरियाच्या धरणांनी आणि जॉर्डनच्या कालव्याने अडवली. आता पोहोचतो तो पूर्वीच्या पाण्याचा दहावा हिस्साही नाही. दक्षिणेला पोटॅशचे, म्हणजे खतासाठी लागणाऱ्या क्षाराचे, कारखाने याच समुद्राचं पाणी पंपाने उथळ तळ्यांत चढवून उन्हात आटवतात. वरून येणं थांबवायचं आणि खालून उपसायचं, हे दोन्ही एकाच वेळी चालू आहे.

(पाण्याखालचं चित्रण : मिठाचे कण खाली पडताना.)

हे मिठाचं हिमवर्षण आहे. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, बाष्पीभवनाने आणखी खारा होतो, आणि त्याच्या बारीक धारा खालच्या गार पाण्यात बोटांसारख्या उतरतात. गार पाण्यात तेवढं मीठ विरघळून राहू शकत नाही. ते स्फटिक होऊन तळाशी बसतं, वर्षाला सुमारे दहा सेंटिमीटर.

(किनाऱ्यावरचे खड्डे, वरून. मग एका खड्ड्याची कड, अगदी जवळून.)

आता ही कड नीट पाहा. वर गोटे, वाळू आणि चिखल. किनाऱ्याखाली वीस ते पन्नास मीटरवर मिठाचा जाड थर आहे, सुमारे 10 हजार वर्षांपूर्वीचा. जमिनीत समुद्राचं संपृक्त पाणी भरलेलं होतं तोवर थर शाबूत होता. मिठाने गच्च भरलेलं पाणी आणखी मीठ विरघळवत नाही. समुद्र मागे हटला, तसं ते पाणीही जमिनीतून ओसरलं. रिकाम्या जागी डोंगराकडचं कमी खारं भूजल शिरलं आणि मिठाला आतून खाऊ लागलं. पोकळी वाढते, छताचे तुकडे पडतात, पोकळी वर सरकते आणि एक दिवस पृष्ठभाग कोसळतो.

खड्डे ओळीने पडलेले दिसतात, कारण भूजलाला मिठापर्यंत वाट देणारे भ्रंश, म्हणजे खडकातल्या खोल भेगा, याही तशाच ओळीने आहेत. गोट्यांच्या जमिनीत खड्डा अरुंद, खोल, उभ्या भिंतींचा होतो. चिखलात तो पसरट आणि उथळ. आधी मिळणारी खूण म्हणजे चंद्रकोरीसारखी भेग आणि किंचित बसलेली जमीन. डोळ्यांना न दिसणारं हे बसणं उपग्रहावरच्या रडारला मिलिमीटरांत कळतं. पहिले खड्डे 1980 च्या दशकात पडले. आता ते हजारोंनी आहेत.

(ओस पडलेली खजुराची बाग. तुटलेला डांबरी रस्ता.)

पश्चिम काठावरच्या एन गेदी या वस्तीच्या या बागा सोडून द्याव्या लागल्या, रस्ता वळवावा लागला. तांबड्या समुद्रातून इथे पाणी आणायची योजना 2021 मध्ये जॉर्डनने सोडून दिली.

समुद्र पूर्ण आटणार नाही. खारेपणा वाढतो तसं बाष्पीभवन मंदावतं, आणि पातळी कुठेतरी, आजच्यापेक्षा बरीच खाली, स्थिरावेल. तोवर काठ सरकत राहणार.

(पश्चिमेचा कडा. कॅमेरा खडकावरून रस्त्यावर, रस्त्यावरून दूरच्या पाण्याकडे.)

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोजणी करणाऱ्यांनी या खडकावर एक खूण कोरली. होडीतून यायचं आणि खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं, असा त्यांचा रिवाज होता. खूण आज रस्त्याच्याही वर आहे.