आळ ग्राफिक्स कार्डावर, दुखणं प्रोसेसरला

(दृश्य: गेम उघडतोय, मधेच चूक दाखवणारी चौकट येते)

'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी', म्हणजे ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. कार्ड चोवीस जीबीचं, त्यातली निम्मीसुद्धा वापरात नाही, तरी गेम सुरू होता होता कोसळतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे कोअर आय-९, आय-७ वापरणाऱ्या अनेकांना या संदेशानं पिडलं. ड्रायव्हर बदलून झाले, विंडोज नव्यानं टाकून झालं. दुखणं होतं प्रोसेसरमध्ये.

गेम पहिल्यांदा उघडताना शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार होतात, दाबून ठेवलेला डेटा सोडवला जातो. या कामाला प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे त्यातले हिशेब करणारे स्वतंत्र भाग, एकदम जुंपले जातात. त्यातल्या एकानं एखादा बिट चुकवला, की डेटा पडताळणीत नापास होतो. अनरिअल इंजिन या सॉफ्टवेअरवर बनवलेले काही गेम मग हे खापर व्हिडिओ मेमरीवर फोडतात.

प्रोसेसर एका झटक्यात मरणं तसं विरळाच. ब्राउझर चालतो, यूट्यूब चालतं, ताण आला की गडबड. मोठी झिप फाइल सोडवताना सीआरसीची, म्हणजे डेटा पडताळणीची, चूक येते. तीच फाइल पुन्हा सोडवा, निघते. तिसऱ्यांदा परत अडकते, तीही वेगळ्याच जागी. डाउनलोडच खराब असतं, तर ती दर वेळी तिथेच अडकली असती.

(दृश्य: इव्हेंट व्ह्यूअर, सिस्टिम लॉग)

विंडोजच्या या नोंदवहीत 'डब्ल्यूएचईए-लॉगर' या नावाच्या, हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी शोधा. क्रमांक १९ म्हणजे चूक झाली, पण हार्डवेअरनं ती सुधारली. १८ म्हणजे सुधारता आली नाही. नोंद उघडली की खाली 'प्रोसेसर एपीआयसी आयडी' दिसतो. दर वेळी तोच आकडा येत असेल, तर संशय त्या एका कोअरवर.

पण थांबा. रॅम खराब असली किंवा पॉवर सप्लाय कमजोर असला, तरी अशीच लक्षणं दिसतात. म्हणून आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, मूळ सेटिंगवर आणा, रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी बंद करा. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक चालत नाही. शक्य असेल तर दुसरा पॉवर सप्लाय लावून बघा.

तापमानाचा मात्र उगाच बाऊ होतो. या इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. सारखा तिथेच पोचत असेल, तर हिटसिंकमध्ये धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, बंद पडलेला पंप, हे आधी बघा.

(दृश्य: प्राइम९५ ची चाचणी)

प्राइम९५ हा प्रोग्राम प्रोसेसरला अवघड गणितं घालतो; त्याच्या चाचणीत उत्तरं आधीच ठाऊक असतात. 'राउंडिंग वॉज ०.५' असं लिहून त्याचा एखादा वर्कर, म्हणजे एका कोअरवर चाललेली चाचणी, थांबला आणि रॅम निर्दोष ठरलेली असेल, तर हिशेब प्रोसेसरनंच चुकवला. खात्रीसाठी बायोसमध्ये परफॉर्मन्स कोअरचा, म्हणजे वेगवान कोअरचा, गुणक ५५ वरून ५३ करा, म्हणजे ५.५ ऐवजी ५.३ गिगाहर्ट्झ. एवढ्यानं सगळं सुरळीत झालं, तर ठरलेल्या वेगाला लागणारं व्होल्टेज आता त्याला पुरत नाही. गुणक तसाच ठेवून दिवस ढकलता येतात, पण हमी असताना ते कशाला?

हे का होतं, ते इंटेलनं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं. कोअरला घड्याळाचे ठोके पुरवणारं सर्किट जादा व्होल्टेज आणि उष्णतेनं झिजतं, ठोक्यांचा तोल ढळतो, आणि स्थिर चालायला लागणारं किमान व्होल्टेज वाढत जातं. त्याआधी ऑगस्टमधल्या ०एक्स१२९ मायक्रोकोडनं, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या सुधारणेनं, व्होल्टेजला १.५५ व्होल्टचा बांध घातला. पाठोपाठ ०एक्स१२बी आला. दोन्ही बायोस अपडेटमधून मिळतात. झालेली झीज मात्र त्यानं भरून येत नाही. तो प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो.

इंटेलनं या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली; खोक्यातून सुटे विकलेल्यांना तीन वर्षांची पाच. तयार पीसी घेतला असेल, तर दाद पीसीच्या कंपनीकडे मागायची. प्रोसेसर काढल्यावर सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण लगेच बसवा. तिथल्या १७०० पिनांपैकी एक वाकली, तरी मदरबोर्डाच्या हमीवर पाणी.

आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर यातलाच जुना कोअर आय-९ १३९००के स्वस्तात हाती लागला, तर मूळ बिल मागा, प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावरचा क्रमांक बिलाशी ताडून पाहा आणि दुकानातच अर्धा तास प्राइम९५ लावा. मग पैसे द्या.