वेड, वारं आणि आजार

[दृश्य : धुळे. पांझरेकाठचे एकवीरा देवीचे मंदिर, चैत्रातील यात्रा. संबळाचा आवाज.]

निवेदन : संबळाचा ठेका वाढत जातो, गर्दीतील एका बाईचे केस सुटतात, ती घुमू लागते आणि शेजारच्या बायका पुढे होऊन तिला हळदकुंकू लावतात. अंगात वारं आलं, एवढेच तेथे म्हटले जाते. थोड्या वेळाने वारं उतरते, ती पाणी पिते, पदर सावरते आणि लेकराचा हात धरून नारळ फोडायच्या रांगेत उभी राहते. हेच घुमणे शिरपूर किंवा सावद्याकडच्या एखाद्या घरात, ना सण ना देवकार्य अशा वेळी पुन्हापुन्हा होऊ लागले, तिला ते नकोसे झाले आणि त्यापायी तिचे शेतातले काम व दोन वेळचे जेवणही सुटले, तर तिला भगताकडे न्यायचे की जिल्हा रुग्णालयात, यावर घरात वाद पेटतो. मनाचा आजार कोठून सुरू होतो आणि ती सीमा कोणी आखायची, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी असतो.

ब्रिटिश राजवटीने ही सीमा कायद्याने आखली. १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’मध्ये ‘ल्युनॅटिक’ म्हणजे जडबुद्धी किंवा चित्त ठिकाणावर नसलेली व्यक्ती, एवढीच व्याख्या होती. वेडसर आणि धोकादायक वाटणाऱ्या भटक्या माणसाला पोलीस पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करीत. त्याला नेमके काय होते आहे, यापेक्षा त्याला कोठे ठेवायचे, याचीच चिंता त्या कायद्याला अधिक होती.

[दृश्य : जुन्या वैद्यकीय ग्रंथांची पाने.]

वैद्यकातील नावेही बदलत गेली. जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये आजार पुढे कसा वळण घेतो, हे पाहून गंभीर मनोविकारांचे दोन मोठे गट पाडले. त्यांपैकी ज्या गटात बुद्धी ढासळतच जाते असे ते मानीत, त्याला १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले, कारण प्रत्येक रुग्ण ढासळत नाही, हे त्यांना दिसले होते. परंतु सगळ्याच व्याख्या अशा निरीक्षणातून आलेल्या नाहीत. अमेरिकेत १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना ‘ड्रेपटोमेनिया’ नावाचा मनोविकार असतो, असे मांडले. व्याख्या सत्तेच्या सोयीने केली की ती कोणत्या थराला जाते, याचा याहून उघडा पुरावा क्वचितच सापडेल.

समलैंगिकता अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९५२ च्या पहिल्या सूचीत विकार म्हणून नोंदलेली होती. १९७३ मध्ये संघटनेच्या विश्वस्त मंडळाने ती वगळली आणि पुढच्या वर्षी सदस्यांच्या मतदानात तो निर्णय टिकला. आजार मतांवर ठरतो काय, असा टोमणा त्यावर आजही मारला जातो. तो अर्धाच खरा आहे, कारण मतांमागे एक कसोटी होती : त्या स्थितीमुळेच माणसाला सातत्याने त्रास होतो का, किंवा त्याचे जगणे-वागणे कोलमडते का?

[दृश्य : रुग्णालयातील बाह्यरुग्ण कक्ष, बाकावर बसलेली कुटुंबे.]

ही कसोटी अंगात येण्याला लावून पाहता येते. जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी रोगसूची २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात दुसऱ्या कोणाचा तरी संचार झाल्याच्या अवस्थेची स्वतंत्र नोंद आहे. मात्र ही अवस्था नकोशी असावी, आपोआप येणारी असावी, समाजमान्य धार्मिक विधीचा भाग नसावी आणि तिच्यामुळे मोठा त्रास किंवा अडथळा होत असावा, अशा अटी तेथे घातल्या आहेत. एकवीरेच्या यात्रेत घुमून पुन्हा संसाराला लागणारी बाई या नोंदीत बसत नाही. रात्री-अपरात्री घुमून खंगत चाललेल्या बाईला मात्र तपासणीची गरज आहे, आणि केवळ भगतावर विसंबल्याने होणारा उशीर तिला महागात पडतो.

दुःखाचेही तसेच आहे. याच सूचीत सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या, जगणे ठप्प करणाऱ्या तीव्र शोकाला विकार म्हटले आहे, तर अमेरिकेच्या २०२२ च्या सुधारित सूचीने प्रौढांसाठी ही मुदत एक वर्षाची ठेवली आहे. खानदेशात गेलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला पाण्याची घागर भरतात आणि वर्षश्राद्धापर्यंत अनेक घरांत सण गोडाविना जातो. अशा घरात सातव्या महिन्यात रडणाऱ्या आईला कोणी आजारी ठरवू नये, म्हणून शोक त्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे अधिक असावा, अशी अट सूचीनेच घातली आहे. मुदतीच्या आकड्यापेक्षा ही अट मोलाची आहे.

भारतात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार मानसिक आजार मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच ठरवावा लागतो. समाजाची नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्ये न मानणे, हा त्याचा आधार होऊ शकत नाही. परजातीत लग्न करायचे म्हणणाऱ्या मुलीला ‘हिचं डोकं फिरलं’ म्हणून दवाखान्यात आणले, तर तेवढ्यावरून डॉक्टरांना निदान करता येत नाही. शिवाय आजाराचे निदान झाले, तरी न्यायालयाने तसे जाहीर केल्याखेरीज त्या व्यक्तीचे चित्त ठिकाणावर नाही असे समजता येत नाही, हेही याच कायद्यात नमूद आहे.